‘गुठळी की गाठ’ याचा छडा लावणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आईचं ओपन हार्ट ऑपरेशन नीट पार पडलं, आता ती घरात हिंडू-फिरू लागली आहे. सर्जनचे आभार आम्ही मानलेच. पण निदान तुम्ही केलंत, आणि इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाची तपासणी, करणाऱ्या डॉक्टरांना सहसा कुणी पत्र लिहीत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

पहिल्या इकोत हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात काहीतरी दिसलं होतं. रिपोर्टवर ‘गुठळी किंवा गाठ’ एवढंच. गुठळी असेल तर रक्त पातळ करायची औषधं, गाठ असेल तर ऑपरेशन. आणि कशाचाही तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात, हे तुम्ही कागदावर हृदय काढून समजावलंत. मग आईलाच विचारलंत, “मावशी, एका कुशीवर दम जास्त लागतो का?” लागत होता! तोवर तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

तिचे ठोके नियमित होते, डावीकडच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली मायट्रल झडप अरुंद नव्हती. म्हणजे तिथे गुठळी धरायची नेहमीची कारणं नव्हती. तरी तुम्ही अंदाजावर विसंबला नाहीत. अन्ननलिका त्या कप्प्याला मागून खेटून जाते, म्हणून टीईई, म्हणजे घशातून अन्ननलिकेत नळी घालून करायचा इको, करायचं ठरवलंत. घशात स्प्रे मारल्यावर आई घाबरली, तेव्हा मला तिच्याजवळ उभं राहू दिलंत. गुठळ्या जिथे दडतात तो अपेंडेजचा, म्हणजे त्या कप्प्याला जोडलेल्या छोट्या पिशवीचा कोपरा तुम्ही आधी पाहिलात. स्वच्छ होता. मग स्क्रीनवर ती दाखवलीत: वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला देठाने चिकटलेली, दर ठोक्याला घंटेच्या लोलकासारखी झडपेत झुलणारी गाठ. “मिक्सोमा वाटतोय. हा कॅन्सर नव्हे, पण काढायला उशीर नको.” बायॉप्सीतही मिक्सोमाच निघाला.

नंतर वाचलं, की 1953 मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय बघायला सुरुवात केली. त्याआधी अशा गाठी बहुधा शवविच्छेदनातच सापडायच्या. ते वाचून अंगावर काटा आला. पण मशीन तर पहिला इको झाला तिथेही होतं. आईला फळलं ते तुमचं खोदून विचारणं आणि पुन्हा पुन्हा कोन बदलून बघणं.

मिक्सोमा क्वचित पुन्हा होऊ शकतो, म्हणून इको करत राहायचे आहेत. ते तुमच्याकडेच करायचे, असं आईने आम्हाला बजावलं आहे.

तुमची ऋणी,
एका पेशंटची मुलगी