लेथवरच्या नानांना, अडॅप्टर प्लेटबद्दल

नाना, राम राम.

१९४९ च्या फोर्डला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसला, गाडी कन्नड घाट चढून आली आणि इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या तुमच्या प्लेटच्या सांध्यातून तेलाचा थेंबही गळालेला नाही. हे तुम्हाला फोनवर सांगून झालंच आहे. तरी चार लोकांसमोर लिहायचं कारण असं की खान्देशात अशा जुन्या गाड्या अजून बऱ्याच उभ्या आहेत. क्लच झेपत नाही म्हणून मालक त्या विकायला काढतात, नाहीतर मूळ इंजिन काढून भलतंच डिझेल इंजिन कोंबतात. तुम्ही केलेलं काम त्यांना कळायला हवं.

या गाडीचं इंजिन फ्लॅटहेड (वाल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं) व्ही-८, ८बीए जातीचं. २३९ घनइंच म्हणजे ३.९ लिटर, १०० हॉर्सपॉवर. फोर्डने १९५१ मध्ये याच इंजिनामागे फोर्डोमॅटिक नावाचा ऑटोमॅटिक दिला होता, म्हणजे ही जोडी काही परकी नाही. पण फोर्डोमॅटिकचे भाग आता मिळवायचे कुठून? त्यामुळे फोर्डचाच पुढचा सी-४ निवडला. तो १९६४ ते १९८१ पर्यंत बनत होता. ॲल्युमिनियमची बॉडी, तीन गिअर, आणि मुख्य म्हणजे बेल हाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडणारं घंटेसारखं कवच, वेगळं सुटतं. ८बीएचंही तसंच आहे, ब्लॉकची पाठ सपाट आणि हाउसिंग बोल्टने लावलेलं. १९४८ पर्यंतच्या इंजिनांत अर्धं हाउसिंग ब्लॉकमध्येच ओतलेलं असतं आणि मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्टही टॉर्क ट्यूब नावाच्या नळीत बंद असतो. तिथे हेच काम दुप्पट होतं.

दोन सपाट तोंडं म्हटल्यावर कोणीही म्हणेल, मधे एक प्लेट टाका की झालं. कागदावर भोकांचा छाप घ्यायचा, प्लेट कापायची, बोल्ट आवळायचे. नाना, तुम्ही छाप बाजूला ठेवलात आणि आधी क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, सेंटर धरलंत, आमचे आभार सगळ्यात जास्त त्यासाठी आहेत. ब्लॉकवरची भोकं बोल्टसाठी असतात, त्यांच्यात थोडी ढिलाई असतेच. त्यांच्यावरून सेंटर काढलं तर गिअरबॉक्स क्रँकच्या रेषेत येईलच असं नाही.

तुमची रीत इथे जशीच्या तशी लिहितो. प्लेटची बोल्टची भोकं अर्धा मिलिमीटर मोठी ठेवली. गिअरबॉक्सपासून सोडवलेलं सी-४चं बेल हाउसिंग प्लेटवर आणि प्लेट ब्लॉकवर, दोन्ही हलक्या हाताने आवळली. क्रँकच्या फ्लँजवर मॅग्नेट स्टँड, त्याला डायल गेज, आणि गेजचं टोक हाउसिंगच्या मधल्या बोअरमध्ये. स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने पूर्ण फिरवायचा आणि दर पाव फेऱ्याला आकडा लिहायचा. पूर्ण फेऱ्यात सुई जेवढी हलेल त्याच्या निम्मं सेंटर सरकलेलं असतं. सुईची हालचाल ५ थाऊच्या, म्हणजे ०.१३ मिमीच्या आत येईपर्यंत लाकडी हातोडीने प्लेट ठोकत सरकवली. मग टोक हाउसिंगच्या तोंडावर धरून पुन्हा एक फेरा घेतला, तिथे १० थाऊपर्यंत चालतं. हे जमल्यावरच बोल्ट पूर्ण आवळले, जागच्या जागी प्लेट आणि हाउसिंगमध्ये डॉवेलची (जागा पक्की करणाऱ्या पिनांची) भोकं पाडली आणि ती नेमकी करायला रीमर फिरवला. डॉवेल सगळ्यात शेवटी. आता गिअरबॉक्स कितीही वेळा उतरवला तरी तो त्याच जागी बसतो.

सेंटर चुकलं तर काय होतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना ठाऊक आहे. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी तेलातून ताकद पुढे देणारा डबा) दर फेऱ्याला गिअरबॉक्सच्या तेलपंपाचं बुश एका बाजूला दाबतो. बुश खाल्लं जातं, पुढचं सील गळायला लागतं, पुढे फ्लेक्सप्लेटला, म्हणजे क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणाऱ्या पातळ चकतीला, क्रँकच्या बोल्टांभोवती तडे जातात. लोक सीलवर सील बदलत राहतात आणि दोष गिअरबॉक्सला देतात.

दुसरं नाजूक काम स्पेसरचं. क्रँकचा फ्लँज आणि फ्लेक्सप्लेट यांच्यामधला हा गोल तुकडा तुम्ही ईएन-८ पोलादातून काढलात. फ्लँजवर बसणारी खाच आणि कन्व्हर्टरचं नाक शिरतं ते बोअर, दोन्ही एकाच सेटिंगमध्ये. चकमधून जॉब काढून उलटा धरला असता तर दोन सेंटरं झाली असती आणि प्लेटवरची सगळी मेहनत वाया गेली असती. कन्व्हर्टरचं नाक हाताने सरकत आत जातं, पण हलवलं तर खुळखुळत नाही. असं फिट व्हर्नियरच्या आकड्यापेक्षा हातालाच आधी कळतं.

स्पेसरच्या जाडीचा हिशोब बरेच जण अंदाजाने करतात, म्हणून मांडतो. कन्व्हर्टर पूर्ण आत बसवून हाउसिंगच्या तोंडापासून त्याच्या बोल्टच्या पॅडपर्यंतची खोली मोजा आणि तिच्यात प्लेटची जाडी मिळवा. त्यातून क्रँकचा फ्लँज ब्लॉकच्या पाठीच्या जितका बाहेर आहे ते वजा करा. फ्लेक्सप्लेटची जाडी वजा करा आणि वर कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेट यांच्यात ठेवायची ३ मिमी फट वजा करा. उरेल ती स्पेसरची जाडी. फट दीड ते पाच मिमीमध्ये चालते. कमी पडली तर कन्व्हर्टर पंपावर आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर दाब देतो, जास्त झाली तर तो पुढे ओढला जातो आणि पंपाच्या खाचा अर्ध्याच धरतात.

कन्व्हर्टर आत बसताना तीन टप्पे हाताला लागतात: त्याच्या आतल्या टर्बाइनचे स्प्लाइन (शाफ्टवर बसणारे उभे दाते), मग स्टेटरचे स्प्लाइन आणि शेवटी पंप. तिसरा टप्पा लागला नसताना बोल्टने हाउसिंग ओढून घेतलं तर पंपाचा गिअर जागीच फुटतो. हाउसिंग ब्लॉकला मिळाल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरलाच पाहिजे, नाही फिरला तर तिथेच थांबायचं. सी-४मध्ये आणखी एक मेख आहे. इनपुट शाफ्ट सुटा असतो, गिअरबॉक्स पुढे झुकवला की हातात येतो. जुन्या शाफ्टला २४ स्प्लाइन, १९७१ नंतरच्याला २६. कन्व्हर्टर घेताना ते मोजूनच घ्यायचे.

स्टार्टरचं तुमच्यामुळे निभावलं. स्टार्टर ज्याला धरतो तो रिंग गिअर मूळ फ्लायव्हीलच्याच पातळीत राहील अशी जागा तुम्ही आधीच राखलीत, त्यामुळे मूळ स्टार्टर तसाच चालतो.

बाकीचं काम गॅरेजचं, पण ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सांगतो. सी-४ला इंजिनवरचा भार व्हॅक्यूम मॉड्युलेटरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालणाऱ्या डबीतून, कळतो. ८बीएच्या डिस्ट्रिब्युटरला कार्ब्युरेटरवरून एक व्हॅक्यूमची नळी जाते, आणि हात आपसूक तिच्याकडेच वळतो. तिला अजिबात फांदी काढायची नाही. या डिस्ट्रिब्युटरचा सगळा ॲडव्हान्स (ठिणगी आधी पाडणं) त्या एका नळीवर चालतो, वेगाने फाकणारी वजनं त्याच्यात नाहीतच. फांदी काढली की टायमिंगही बिघडतं आणि शिफ्टही. वायपरही व्हॅक्यूमवर चालतात, तीही नळी नको. इनटेक मॅनिफोल्डला वेगळा निपल आणि तिथून लोखंडी नळी, एवढंच बरोबर. शिवाय हे इंजिन मिनिटाला ३६०० फेऱ्यांना पूर्ण ताकद देऊन मोकळं होतं. सी-४ त्याहून वर पळणाऱ्या इंजिनांसाठी जुळवलेला, म्हणून पूर्ण दाबल्यावर दुसरा गिअर पडता पडत नाही. स्क्रूवाला मॉड्युलेटर घेऊन स्क्रू थोडा थोडा बाहेर काढला की शिफ्ट अलीकडे येतो. तेवढ्याने भागलं नाही तर गव्हर्नरचं (गाडीच्या वेगावरून शिफ्ट ठरवणाऱ्या भागाचं) वजन वाढवावं लागतं.

आणि आपल्याकडचं ऊन. भुसावळला मे महिन्यात ४५ अंश असताना फ्लॅटहेड आधीच तापलेलं असतं, कारण त्याचा एक्झॉस्ट ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर जातो. गिअरबॉक्सचा ऑइल कूलर रेडिएटरच्या पुढे लावला तर रेडिएटरला गरम हवाच मिळते. कूलर वेगळा, गाडीखाली, स्वतःच्या पंख्यासह हवा. तेल ८० ते ९५ अंशात राहिलं तर चिंता नाही. ११५-१२० च्या वर गेलं की ते जळायला लागतं, त्याला करपल्यासारखा वास येतो.

गिअरबॉक्समध्ये तेल एकूण साडेआठ ते साडेनऊ लिटर बसतं. इंजिन चालू करण्याआधी चार लिटर तरी आत हवंच, नाहीतर पंप कोरडा फिरतो. मग इंजिन चालू ठेवून हळूहळू भरायचं, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवायचा, आणि गाडी गरम झाल्यावर सपाट जागी पार्कमध्ये डिपस्टिक बघायची.

नाना, जिनिंगचे रोलर आणि पंपाचे शाफ्ट यांची तुमच्याकडे रांग लागलेली असते. त्यातून ८बीएच्या एका प्लेटसाठी तुम्ही लेथ मोकळा ठेवलात, आणि ब्लॉकला एकही नवीन भोक पाडू दिलं नाहीत. उद्या कोणाला जुनाच गिअरबॉक्स परत लावावासा वाटला तर इंजिन जसं होतं तसंच आहे. प्लेट आणि स्पेसरची मापं तुमच्या वहीत आहेत. तुमची हरकत नसेल तर ती आम्ही उतरवून घेतो आणि ८बीएवाल्या कोणालाही देतो, तुमच्याच लेथवर करून घ्या असं सांगून. गिअरबॉक्सचं पहिलं तेल आणि फिल्टर ८०० किलोमीटरला बदलणार आहोत. त्याचं खालचं तेलाचं चेंबर उघडू तेव्हा तळाला काय साचलंय ते बघायला तुम्ही यावं, ही विनंती.

आपले,
जुन्या गाड्यांच्या कामातली मंडळी, जळगाव