आठ वाजताचा फोन

लीड्स,
२ फेब्रुवारी २०२५

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "अगं, एवढ्या मोठ्या शहरात तुला एक डॉक्टर मिळेना?" मी "मिळाला की" म्हणून विषय बदलला. बाबांना कमी ऐकू येतं, आई मध्येच रडायला लागली आणि मलाही धड सांगता येईना. म्हणून आज रविवारी निवांत बसून माझ्या आजारपणाचं सगळं लिहिते आहे. आई, हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. डोळा शाबूत आहे, नजर पहिल्यासारखी आहे, हे आधीच सांगते, म्हणजे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही.

शनिवारी, ११ जानेवारीला सुरुवात झाली. केस विंचरताना डाव्या बाजूला कंगवा टेकवता येईना. टाळू हुळहुळी झालेली आणि कपाळात कुणी तापलेली सुई टोचावी तशा कळा. सर्दीनं डोकं धरलं असेल असं मला वाटलं. रविवारी रात्री तोंड धुताना हाताला काहीतरी खरखरीत लागलं. आरशात बघितलं तर डाव्या भुवईच्या वर पाण्याचे फोड, पुंजक्यानं आलेले, आणि कपाळाच्या मध्यावर रेघ मारल्यासारखे थांबलेले. उजवीकडे एकही नाही.

ते बघितलं आणि आजी आठवली. तिच्या कमरेला नागीण उठली तेव्हा मी चौथीत होते. तिच्या कमरेवर काव लावलेली, आणि ओसरीवर बसलेल्या बायका दबक्या आवाजात म्हणत होत्या, तोंडाला शेपूट लागलं की संपलं. ते ऐकून मी कितीतरी रात्री आजीजवळ झोपले नव्हते. तिला किती वाईट वाटलं असेल, हे मला या आजारपणात पहिल्यांदा जाणवलं.

आई, ते शेपटाचं खरं नाही गं. नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो जात नाही, मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं पडून राहतो आणि कधीतरी त्याच नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. नस शरीराच्या एकाच अंगाला पसरलेली असते, म्हणून फोडही सहसा मधली रेघ ओलांडत नाहीत. मला कांजिण्या आल्या तेव्हा तू कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी तापवून घमेल्यात बसवून आंघोळ घातली होतीस ना, तेव्हापासून तो माझ्यातच होता. औषध मात्र पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेलं बरं. मी बोटांवर मोजलं, बुधवारची रात्र. हे ॲबर्डीनला कामावर गेलेले, घरात मी आणि चिमी.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. इथे आपल्यासारखं चपला घालून कुठल्याही डॉक्टरकडे जाता येत नाही. घराजवळच्या एका दवाखान्यात आपलं नाव नोंदवलेलं असतं, त्याला सगळे जीपी म्हणतात. काहीही होवो, आधी तिथेच. डोळ्याचा, हाडाचा, हृदयाचा डॉक्टर हवा असेल तरी चिठ्ठी सहसा तिथूनच निघते. त्याच दिवशी डॉक्टर भेटायला हवा असेल तर आमच्या दवाखान्यात सकाळी ८ ला फोन करायचा. अख्ख्या भागातले आजारी लोक बरोबर आठला एकाच नंबरवर फोन करतात, आणि त्या दिवसाच्या मोजक्या वेळा बघता बघता संपतात.

सोमवारी ७:५५ ला मी तयार होऊन बसले. बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं, जानेवारीच्या मध्यात इथे सूर्य आठनंतरच उगवतो. एक फोन माझ्या हातात, दुसरा चिमीच्या. आठच्या आधी लावला तर दवाखाना बंद असल्याची टेप वाजते आणि फोन तुटतो. आठ वाजले आणि लाइन व्यस्त. चिमी एकीकडून लावतेय, मी दुसरीकडून. चिमीचा लागला. "आई, एकतिसावा नंबर!" असं ती इतक्या आनंदानं ओरडली की मला भरून आलं. मग तेच ते संगीत, मधून मधून नंबर सांगणारा आवाज. एकोणतीस. बावीस. चौदा. तिला शाळेचा डबा भरून दिला, वेणी घातली, तोवर फोन कानाशीच होता. ८:४३ ला पलीकडून बाई बोलल्या. काय होतंय?

मी म्हटलं, "थोडं पुरळ आलंय, आणि डोकं दुखतंय."

आजच्या वेळा संपल्या आहेत, उद्या आठला फोन करा. संकेतस्थळावरचा अर्ज भरायला गेले तर तोही त्या दिवसापुरता बंद झाला होता.

"थोडं" हा शब्द मी का वापरला यावर मी नंतर फार विचार केला. आपल्याकडे आजार वाढवून सांगायची सवयच नाही. ताप असला तरी "जरा कणकण आहे" म्हणतो. कळ मस्तकात जात असली तरी "बरं आहे" म्हणतो. वाईच्या आपल्या डॉक्टरकाकांपुढे ते चालायचं. आठवतं ना, बाकावर पुठ्ठ्याचा नंबर हातात घेऊन बसलेलं असायचं. काका आतून बाहेर डोकावायचे, सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "ए पोरी, तू ये आधी." नंबर कितवा आहे ते विचारायचे नाहीत. शब्द आपल्याला सापडले नाहीत तरी त्यांना चेहरा दिसायचा. इथे चेहरा दिसायच्या आधी फोन येतो, आणि फोनवर आपल्या दुखण्याची किंमत आपणच सांगायची असते. मी माझी "थोडं" अशी सांगितली.

त्याच दुपारी आई, तुझा व्हिडिओ कॉल आला. भोगी होती. तू भाजी दाखवलीस, वांगं, पावटा, गाजर, सोलाणे, वरून तीळ, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी टोपलीत. मी कॅमेरा बंद ठेवला आणि रेंज नाही म्हणाले. खोटं बोलले. तू लगेच ओळखलं असतंस, आणि रात्रभर दोघं जागे राहिला असतात. पण दवाखान्यात कुणी माझं तोंड बघत नाही म्हणून मी चिडले होते, आणि तुझ्यापासून मीच ते लपवलं. त्याचं फार वाईट वाटतंय.

संध्याकाळी नाकाच्या शेंड्यावर एक फोड आला. मोहरीएवढा. इतका लहान की मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

मंगळवारी, संक्रांतीच्या दिवशी, मी फोनचा नाद सोडला आणि दवाखान्याच्या दारातच जाऊन उभी राहिले. पावणेआठ. जमिनीवर हिमाचा पातळ थर. माझ्याआधी सहा जण होते. काठी घेतलेले एक आजोबा, कडेवर बाळ घेतलेली एक आई, आणि बाकीचे मान खाली घालून. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, मफलर नाकापर्यंत. दार उघडलं, काचेमागच्या बाईंनी संगणकावरची नजर न उचलता नाव आणि जन्मतारीख विचारली. मी पुन्हा पुरळ म्हणाले. त्यांनी ३ फेब्रुवारीची वेळ दिली, तीही फोनवरची. तीन आठवड्यांनी! वर म्हणाल्या, पुरळासाठी औषधांच्या दुकानात दाखवून बघा. त्यांना दोष देववत नाही मला. माझ्यामागे तोवर पंधरा माणसं उभी होती आणि त्या बाई एकट्याच होत्या. पण बाहेर आल्यावर मी भिंतीला टेकून रडले. डावा डोळा सकाळपासून लाल होता आणि गळत होता, त्यामुळे रडणं कुठलं आणि पाणी कुठलं तेही कळेना.

औषधांच्या दुकानात गेले. ३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये सात किरकोळ आजारांवर फार्मासिस्ट स्वतः तपासून औषध देऊ शकतात. कानदुखी, घसादुखी, सायनस अशी ती यादी आहे आणि नागीणही तिच्यात आहे. दुकानाच्या मागे कपाटाएवढी खोली, दोन खुर्च्या. फार्मासिस्ट तरुण मुलगा होता. तो म्हणाला, टोपी काढा. मफलर काढा. दिव्याकडे तोंड करा.

दोन दिवसांत माझ्या तोंडाकडे बघणारा तो पहिला माणूस.

कपाळ बघेपर्यंत तो शांत होता. नाकाशी आल्यावर थांबला. विचारलं, हा फोड कधीचा? मग त्यानं समजावून सांगितलं. डोळ्याला जाणाऱ्या नसेचाच एक फाटा नाकाच्या शेंड्यापर्यंत येतो, म्हणून तिथे फोड दिसला की डोळ्यातही नागीण उतरली असण्याची शक्यता मोठी. वेळेत औषध नाही मिळालं तर नजरेला धोका. फोड कमरेला असते तर मीच गोळ्या दिल्या असत्या, म्हणाला, पण हे माझ्या हातातलं नाही, आजच डोळ्यांच्या डॉक्टरनं बघायला हवं. त्यानं स्वतः इस्पितळाच्या डोळ्यांच्या विभागाला फोन लावला आणि सांगितलं, वय ३८, डाव्या बाजूला नागीण, नाकाच्या शेंड्यावर फोड, डोळा लाल. एवढंच. पलीकडून उत्तर आलं, लगेच पाठवा.

बाबा, तीच मी, तोच आजार. मी दोन दिवस जे सांगू शकले नाही ते त्यानं एका दमात सांगितलं.

इस्पितळात साडेचार तास बसले. चिमीला शाळेतून शेजारणीनं आणलं. नंबर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितली, डोळ्यात पिवळा थेंब टाकला आणि निळा उजेड सोडून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मी श्वास रोखून होते. बुबुळ साफ आहे, म्हणाल्या. डोळा सुजलाय, पण आत इजा नाही. वेळेवर आलात. असायक्लोविरच्या ८०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसातून पाच वेळा, सात दिवस, आणि डोळ्यात घालायचे थेंब. आठवड्यानं पुन्हा तपासलं, सगळं ठीक निघालं. फोडांच्या खपल्या धरेपर्यंत नर्सरीत कामाला गेले नाही. फोडांतल्या पाण्यातून लहान मुलांना कांजिण्या होऊ शकतात, आणि आमच्यातली एक बाई गरोदर आहे. चिमीला कांजिण्या तिसऱ्या वर्षीच येऊन गेल्या, त्यामुळे तिची काळजी नव्हती.

आणि आई, या सगळ्याचे पैसे? तपासणीला एक पैसाही नाही. एका औषधाचे ९ पौंड ९० पेन्स, म्हणजे हजार रुपयांच्या थोडे वर, आणि इथे कुठलंही औषध असो, चिठ्ठीवरच्या दर औषधाला तेवढेच. व्हिसा काढताना आरोग्याचा अधिभार भरावा लागतो, तो वर्षाला १,०३५ पौंड आहे, तेव्हा अगदीच फुकट नाही. तरीही बाबांना छातीत दुखलं त्या रात्री आपण डिपॉझिटसाठी काकूच्या बांगड्या घेऊन धावलो होतो, तशी धावाधाव इथे कुणाला करावी लागत नाही. १९४८ च्या जुलैत या लोकांनी ही व्यवस्था उभी केली, युद्धातून नुकतेच उठलेले असताना, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. डॉक्टरपर्यंत पोचल्यावर माझी कुठेही हेळसांड झाली नाही. पण त्या दारापर्यंत पोचायला ज्याला शब्द सापडत नाहीत, ज्याला फोनवरचं इंग्रजी समजत नाही, ज्याच्या घरी दुसरा फोन धरायला चिमी नाही, त्यानं काय करायचं? रांगेतले ते काठीवाले आजोबा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. त्यांना त्या दिवशी वेळ मिळाली की नाही, मला माहीत नाही.

बाबा, आता तुमचं. तुम्ही ७१ चे, त्यात साखर. नागिणीची लस आता भारतातही मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांना देतात, दोन डोस. महाग आहे, पैसे मी पाठवते, त्यावरून वाद नको. या आठवड्यात डॉक्टरकाकांना विचारा, तुमच्या बाकीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन जा. आई, तूही विचार. आणि कुणाला फोड उठले तर काव लावत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. नाकावर किंवा डोळ्याजवळ असतील तर रात्रही जाऊ देऊ नका.

माझ्या कपाळावर आता फक्त तांबूस डाग आहेत. रात्री मात्र अजून कळा येतात, उशी डाव्या बाजूला टेकवता येत नाही. ती नस सावरायला काही आठवडे लागतात म्हणे. दवाखान्यानं दिलेली ती फोनची वेळ उद्याची आहे, मी रद्द केलेली नाही. काय बोलायचं ते कागदावर लिहून फ्रिजला लावलंय. पहिलंच वाक्य, "डाव्या डोळ्याजवळ नागीण झाली होती, तीन आठवडे झाले, रात्री दुखण्यानं झोप लागत नाही." त्यात "थोडं" लिहिलं होतं, ते चिमीनं खोडलं.

तिळगुळाची पुडी परवा मिळाली. वड्या मोडल्या होत्या, पण चुराही आम्ही चमच्यानं खाल्ला. उद्या दवाखान्याचा फोन झाला की तुम्हाला व्हिडिओ कॉल करते. डाग दिसतील, घाबरू नकोस.

तुमची,
ताई