आईच्या झडपेविषयी

मुलुंड, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात ‘एंडोकार्डायटिस’, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा दाह, जो बहुधा जंतूंमुळे होतो, असे लिहिलेले असूनही आईला अँटिबायोटिक का दिले नाही, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. उत्तर लिहूनच पाठवते, म्हणजे ते फाइलला लावता येईल.

आईच्या हृदयातल्या मायट्रल झडपेवर जी बारीक वाढ दिसली, तिला डॉक्टर व्हेजिटेशन म्हणतात. ती प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) आणि फायब्रिन (गोठलेल्या रक्तातले धागे) यांची, म्हणजे साकळलेल्या रक्ताची आहे, जंतूंची नाही. आईला असलेल्या ल्युपसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजारात, विशेषतः रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवणारी प्रथिने) असतील तर, झडपेच्या अस्तराला इजा होते आणि तिथे असे थर धरतात. न्यूयॉर्कच्या लिबमन आणि सॅक्स या डॉक्टरांनी १९२४ साली हा प्रकार प्रथम मांडला, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. काही कर्करोगांतही असे थर धरतात, पण आईच्या तपासण्यांत तसे काही निघालेले नाही, तेव्हा तो विषय डोक्यातून काढा.

जंतू नाहीत म्हणून धोका नाही, असे मात्र नव्हे. हे थर झडपेला सैल चिकटलेले असतात. एखादा कण सुटून मेंदूकडे गेला तर पक्षाघात होऊ शकतो. त्यासाठीच वॉरफरिन, ही रक्त गोठू न देणारी गोळी, आहे. आई, तुला हातावर काळेनिळे डाग दिसले की तू ती गोळी स्वतःहून बंद करतेस, हे मला बाबांकडून कळले. डाग दिसले तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते सांगणारा आकडा) तपासून डॉक्टरांना विचारायचे. गोळी परस्पर थांबवायची नाही. पालेभाजीने या गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो, म्हणून ती सोडू नकोस, फक्त एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्यात अजिबात नाही, असे करू नकोस. गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी तर नकोच.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, ते. पावसाळ्यात नाल्याच्या जाळीला एक चिंधी अडकली की बाकीचा कचरा तिथेच येऊन थांबतो, तसे आज निर्जंतुक असलेल्या या थरावर उद्या रक्तातून फिरणारे जंतू येऊन बसू शकतात. दातांच्या मुळांतून किंवा त्वचेवरच्या जखमेतून जंतू रक्तात शिरतात. एरवी शरीर त्यांचा निकाल लावते, पण फायब्रिनच्या आड ते सुरक्षित राहतात आणि मग खरा जंतुसंसर्गाचा एंडोकार्डायटिस होतो, ज्याला बहुधा चार ते सहा आठवडे शिरेतून औषध द्यावे लागते. म्हणून आईला ताप आला तर कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून अँटिबायोटिक आणू नका, बाबा, तुमचा कितीही जुना परिचय असला तरी. आधी गोळ्या पोटात गेल्या की रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) जंतू सापडत नाहीत, आणि ताप ल्युपसचा की झडपेचा, हे ठरवणे डॉक्टरांना फार अवघड होते. कल्चरसाठी रक्त आधी, औषध नंतर.

दाढेचे काम लांबवू नका, पण दाढ काढण्याआधी दंतवैद्यांना वॉरफरिन आणि झडप या दोन्ही गोष्टी सांगा आणि हृदयाच्या डॉक्टरांशी त्यांचे बोलणे करून द्या. बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडे झाले किंवा हातातला जोर गेला, तर मला फोन लावण्यातही वेळ न घालवता थेट मोठ्या रुग्णालयात जा.

सोमवारी आयएनआरसाठी मी सकाळीच गिरगावला येते. फाइल काढून ठेवा.

तुमची,
शुभदा