वर्गशिक्षकाला एक तास द्या

संपादक महोदय,

‘छडी गेली आणि शिस्तही गेली’ अशा सुराची पत्रं अधूनमधून वाचायला मिळतात. मी भांडुपच्या एका मराठी शाळेत नववीची वर्गशिक्षिका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार २०१० पासून मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. पण कायद्यातलं ‘बालक’ ६ ते १४ वर्षांचं, म्हणजे नववी-दहावीला हात उचलायला मोकळीक, असा सोयीचा अर्थ काढणारे महाभागही भेटतात. असो.

आमची शाळा सकाळची. उशिरा येणाऱ्यांना गेटबाहेर उभं करायचं, हा जुना शिरस्ता. मी वर्गात एक वही ठेवली. उशीर झाला की वेळ आणि कारण ज्याचं त्याने लिहायचं, ओरडा नाही. सुरुवातीला सगळ्यांचीच बस चुकायची. मग हळूहळू खरं उतरू लागलं. टेकडीवरून येणाऱ्या तिघी-चौघींचं कारण रोज एकच, ‘पाणी उशिरा आलं’. (मुंबईचं बरंचसं पाणी शुद्ध होतं आमच्याच भांडुप संकुलात, पण ते टेकडी चढेल तेव्हा खरं!) या मुली हंडे-कळश्या भरून, वेण्या घालत धावत येणार, भाऊ तोवर अंथरुणात. त्यांना गेटबाहेर उभं करून नळाला पाणी लवकर थोडंच येणार होतं? आयांना बोलावून घेतलं. दोन घरांत पाण्याची पाळी भावांकडे गेली. एकीला भाऊच नाही, तिला पहिल्या तासाची सवलत दिली. त्यावरून स्टाफरूममध्ये थोडं ऐकून घ्यावं लागलं.

वर्गाचे नियमही मुलांनाच करायला सांगितले. पहिलाच नियम, ‘बाईंनीसुद्धा तासाला मोबाइल आणायचा नाही’! मी तो पाळते, त्यामुळे उरलेले नियम मोडताना पोरं जरा बिचकतात. बाकाची फळी उखडणाऱ्याने शिपाईमामांच्या हाताखाली ती ठोकून दिली. आता तो दुसऱ्यांना बाकावर उड्या मारू देत नाही.

अडचण एकच, वेळ. वर्गात साठ मुलं. हे सगळं मधल्या सुट्टीत किंवा ऑफ तासाला करायचं, आणि ऑफ तास बहुतेकदा रजेवरच्या कुणाच्या तरी वर्गावर जातो. वर मतदारयादीची कामं आहेतच. शिस्तीबाबत परिपत्रकं काढताना शिक्षण निरीक्षक कार्यालयाने वर्गशिक्षकाला आपल्या वर्गासाठी आठवड्यातून एक तास वेळापत्रकात द्यावा. आणि दहावीची परीक्षा जवळ आली म्हणून तो गणिताच्या जादा तासाला देऊ नये, एवढी विनंती.

– एक वर्गशिक्षिका, भांडुप (पश्चिम), मुंबई