विषय: पॉलिफेनॉल मापक संचात चुकीचा फिल्टर, हिरवं पडलेलं फोलिन आणि आजचा फोन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्याकडे केलेला फोन पाचवा. सहावा करणार नाही, म्हणून लेखी देत आहे.

पानांतलं पॉलिफेनॉल (वनस्पतींतली तुरट द्रव्यं) मोजायला घेतलेल्या तुमच्या संचातला फिल्टर, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश सोडणारी काच, चुकीचा आहे. यंत्राच्या मागच्या पट्टीवर ७६५ नॅनोमीटर छापलंय, कप्पा उघडून फिल्टर बाहेर काढला तर त्याच्या कडेवर ६५० कोरलेलं दिसतं. फोलिन हे पॉलिफेनॉलबरोबर निळं होणारं रसायन, त्या निळ्या रंगाच्या गडदपणावरून यंत्र प्रमाण काढतं. हा निळा रंग अनेक तरंगलांबींवर पसरट असतो. शिखर ७६५ च्या आसपास असलं तरी ६५० लाही आकडा येतोच, त्यामुळे चूक पटकन ध्यानात येत नाही. पण रंगावरून प्रमाण काढायला यंत्रात भरलेला गुणक ७६५ चा आहे. म्हणून गॅलिक ॲसिडची, म्हणजे प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या फिनॉलची, ताजी द्रावणं करून तपासलं. मिलिलिटरला ३० मायक्रोग्रॅमच्या द्रावणाला यंत्र २१ दाखवतं, ५० च्या द्रावणाला ३५. हात चुकला असता तर आकडे वरखाली झाले असते. इथे दोन्ही आकडे नेमके सात दशांश येतात. दोष यंत्राचाच आहे.

हेच आज तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं. त्याचं पहिलं उत्तर, "मॅडम, मशीन सेट करूनच येतं." कशाला सेट केलंय, असं विचारलं. "कंपनीत करतात." ३० च्या जागी २१ येतंय म्हटल्यावर, "पाणी बदलून बघा." डिस्टिल्ड वॉटरच वापरतोय, ब्लँकही (नमुना न घातलेली कुपी) लावलाय, असं सांगितलं. मग दोन मिनिटं गाणं ऐकवलं. परत आल्यावर म्हणाला, "रंग निळा येतोय ना? मग मशीन चालू आहे. तुमच्या पानातच दम नसेल."

गॅलिक ॲसिडच्या द्रावणात पान नसतं. ती पांढरी पावडर वजन करून पाण्यात विरघळवलेली असते, तिचा दम आधीच ठाऊक असतो, म्हणून तर ती कसोटीला घेतात. पॉलिफेनॉल मोजायचं यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला एवढं माहीत नसावं, आणि वर त्याने शेतकऱ्याच्या मालाला नाव ठेवावं, हे फार लागलं. मी मोजायला घेतलेली तुळस फुलोऱ्याच्या सुमारास कापून, काड्या वेगळ्या करून सावलीत वाळवलेली आहे. तुमच्या यंत्राने तिच्यावर "हलका" असा शेरा मारला आणि व्यापाऱ्याने तोच शेरा दाखवून दर पाडून मागितला.

आता फोलिनची बाटली. ती पारदर्शक प्लास्टिकची आहे, आणि आतलं रसायन आलं तेव्हाच हिरवट होतं. चांगलं फोलिन स्वच्छ पिवळं असतं. हिरवी झाक आली म्हणजे त्याचं आधीच क्षपण झालेलं असतं, निळं होणं नमुन्याआधीच सुरू झालेलं असतं, आणि मग ब्लँकचाच आकडा चढून बसतो. ते तपकिरी काचेच्या बाटलीत, उजेडापासून दूर ठेवायचं असतं. हे दुसऱ्या फोनवरच सांगितलं होतं. "हलवून वापरा," असा सल्ला मिळाला.

माहितीपत्रकावर पद्धत आयएसओ १४५०२-१ (चहातलं एकूण पॉलिफेनॉल मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे असल्याचं छापलंय आणि आत सांगितलंय एक चमचा पान, उकळतं पाणी, कार्बोनेट टाकून ५ मिनिटांनी वाचन. त्या २००५ च्या मानकात बारीक दळलेला ०.२०० ग्रॅम नमुना, ७० टक्के मिथेनॉल, ७० अंशाला १० मिनिटांचा अर्क दोनदा काढून मिळून १० मिलिलिटर, मग १ चे १०० करून पातळ करणं, असं सगळं मोजून दिलेलं आहे. पातळ केलेल्या १ मिलिलिटरमध्ये १० टक्के फोलिन ५ मिलिलिटर. ३ ते ८ मिनिटांच्या आत साडेसात टक्क्यांचं सोडियम कार्बोनेट ४ मिलिलिटर, आणि मग पूर्ण ६० मिनिटं थांबायचं. ५ मिनिटांत रंग चढतच असतो. पहिली कुपी आणि सहावी कुपी वाचेपर्यंत त्याच मालाचे दोन आकडे होतात. चमच्याने मोजलेल्या पानाचं तर बोलायलाच नको. ओलावा वजा केल्याशिवाय कोरड्या वजनावरचा टक्का निघतच नाही, आणि पत्रकात ओलाव्याचा एक शब्द नाही.

खोक्यावर गवती चहाचं चित्र आहे, ते आधी काढा. गवती चहाचं मोल त्याला लिंबासारखा वास देणाऱ्या सिट्रालचं आहे. सिट्राल हे अल्डिहाइड आहे, फिनॉल नव्हे, ते या संचाने मोजलं जात नाही. त्यासाठी क्लेव्हेंजर उपकरणात पानं पाण्याबरोबर उकळून तेल वेगळं काढावं लागतं. उलट चहाच्या मिश्रणात आवळा असेल तर त्यातलं क जीवनसत्त्वही फोलिनला निळं करतं आणि तुमचं यंत्र तेही पॉलिफेनॉल म्हणून मोजतं. या दोन्ही गोष्टी खोक्यावर लिहायला हव्या होत्या. सांगलीच्या हळदपेठेत हळदीतलं पिवळं द्रव्य, कुरकुमिन किती, असं विचारणारी माणसं आहेत. मोजमापाची किंमत इथे कळते, म्हणूनच तुमच्या नावावर विश्वास ठेवून संच घेतला होता. तो विश्वास आता राहिलेला नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत ७६५ चा फिल्टर तपासणी प्रमाणपत्रासह, तपकिरी बाटलीतलं ताजं फोलिन आणि दुरुस्त माहितीपत्रक पाठवा. यंत्राचे आजवरचे शेरे सदोष फिल्टरमुळे आले आहेत, असं कंपनीच्या सहीशिक्क्याने लेखी द्या, ते व्यापाऱ्याला दाखवायचं आहे. याच खेपेतले संच आणखी कुणाला गेले असतील तर त्यांनाही कळवा, त्यांच्याही मालाचे दर पडत असतील. फिल्टर ६५० चा आहे हे पुन्हा लिहिते, कारण पाच फोनमध्ये एकदाही कुणी तो आकडा लिहून घेतला नाही.

तसं झालं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करणार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे उपजीविकेसाठी, स्वयंरोजगाराकरिता घेतलेली वस्तू त्यात बसते. फिल्टरचे फोटो, गॅलिक ॲसिडच्या वाचनांची वही आणि पाचही फोनच्या वेळा तयार आहेत. मूळ फिल्टर साक्षीदारांसमोर सीलबंद करून ठेवला आहे. कुरिअरवाला पाठवून तो मागू नका, नवा हातात पडून ३० ला ३० दाखवेपर्यंत तो इथून हलणार नाही.

सांगली
संचधारक ग्राहक