अकराशे फियाटसाठी एक पंप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्या एकदाच्या भंगारात काढा, अशा आशयाची दोन-तीन वाचकपत्रे गेल्या महिन्यात आपल्या दैनिकात आली. धूर ओकणाऱ्या गाड्यांबद्दल त्यांत जे लिहिले होते ते मला मान्य आहे. पण माझ्या दारात १९६८ सालची फियाट अकराशे उभी असते आणि ती दर आठवड्याला रस्त्यावर निघते. तिच्या बाजूने कोणी तरी बोलायला हवे आणि तिला सोसेल असे कमी इथेनॉलचे पेट्रोल जिल्ह्यात निदान एका पंपावर मिळायला हवे, म्हणून हे पत्र.

माझे वडील, आण्णा, डॉक्टर होते. कोयनेचा भूकंप झाला डिसेंबर १९६७ मध्ये, आणि गाडी आली त्याच्या पुढच्या वर्षी. नंबर लावून साडेचार वर्षे वाट पाहिल्यावर एकदाचे बोलावणे आले. आण्णा आणि कंपाउंडर मुंबईला जाऊन ती घेऊन आले. मी सहा वर्षांची होते. फिकट निळ्या रंगाची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली ती गाडी रात्री साडेदहाला वाड्यासमोर थांबली, तेव्हा आजीने झोपेतून उठून तिच्या चाकांवर पाणी घातले होते. पुढे पाटणच्या खोऱ्यातले कितीतरी पेशंट तिने दवाखान्यापर्यंत आणले. दोन मुले तर तिच्या मागच्या सीटवरच जन्मली. त्यांतला एक जण आजही दसऱ्याला येऊन तिला हार घालतो.

ही गाडी मूळची इटलीतल्या तुरिनची. दांते जाकोसा या अभियंत्याच्या हाताखाली तिची घडण झाली आणि १९५३ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. इटालियन लोक तिला ‘मिल्लेचेंतो’ म्हणतात, म्हणजे अकराशेच. आपल्याकडे ती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली. इटलीत १९६९ मध्ये अकराशेचे उत्पादन थांबले. कुर्ल्यात मात्र तीच अंगकाठी आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी या नावाने शतक संपत येईपर्यंत बनत राहिली. मुंबईची काळी-पिवळी ती हीच.

आमच्यासारख्या खासगी मालकांच्या गाड्या इतकी वर्षे तगल्या त्या या टॅक्सींच्या जिवावर. हजारो टॅक्सी रोज धावत, म्हणून त्यांचे किंगपिन (ज्यावर पुढचे चाक वळते ती खीळ), ब्रेकचे रबर, क्लच प्लेट, वॉटर पंप हे सगळे कोणी ना कोणी बनवत होते आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ते हाताला लागत होते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली. वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले, लोक हळहळले. आम्हाला त्याच वेळी कळले होते की आता आपले सुटे भाग आपल्यालाच जमवावे लागणार.

कराड, सांगली, कोल्हापूर, सातारा मिळून आमच्या गटात १७ फियाट आहेत. एक तर १९५६ ची, गोलमटोल, जिला लोक डुक्कर फियाट म्हणतात ती. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही कोणाच्या तरी अंगणात जमतो. चहा, पोहे आणि बॉनेट उघडी. सांगलीच्या एका सदस्याने दोन जाड वह्या केल्या आहेत. कुठले बेअरिंग कुठल्या नंबरचे, हल्लीच्या कुठल्या गाडीचे ऑइल सील आपल्याला बसते, हे सगळे मापांसह त्यांत लिहिलेले आहे. एक सामायिक पेटी आहे. तिच्यातून कोणी सोलेक्स कार्ब्युरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा) जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, किंवा डेल्कोची, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, कॅप नेली, तर दोन महिन्यांत त्या जागी दुसरी आणून ठेवायची. सहा वर्षांत ही पेटी कधी रिकामी झालेली नाही.

इचलकरंजीच्या एका सदस्याचा मुलगा तुरिनला शिकतो आहे. तिथे बालोन नावाचा जुना बाजार शनिवारी भरतो, तिथून त्याने एकदा आमच्यासाठी इंजिनाच्या वरच्या भागाखाली बसणारे हेड गॅस्केट पाठवले. ते बसेना. तिकडच्या ११०० डी या मॉडेलचे इंजिन १२२१ सीसीचे, आणि कुर्ल्याच्या ११०० डीचे आधीच्याच १०८९ सीसीचे. सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि ६८ मिलिमीटर, असा फरक पडतो. तेव्हापासून आम्ही साल आणि सीसी दोन्ही लिहून पाठवतो. दुसरे गॅस्केट बरोबर बसले. सत्तर वर्षांपूर्वी एकाच कागदावर आखलेली वस्तू दोन देशांत अजून एकमेकींना जुळते, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला.

मी स्वतः गाडीचे काम शिकले ते निवृत्तीनंतर. शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले, पण टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, कधी बसवले नव्हते. आमचे मेस्त्रीकाका ७८ वर्षांचे आहेत. तरुणपणी कुर्ल्यात टॅक्सींची कामे करून ते गावी परतले. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतले ऐकतात आणि कितव्या सिलिंडरचा आवाज आहे ते सांगतात. “बाई, टॅपेट जरा वाजलं तर वाजू द्या. गप्प झालं की घाबरायचं,” हा त्यांचा पहिला धडा. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट फार कमी ठेवली, तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. वर्गात धातूचे प्रसरण मी इतकी वर्षे शिकवले, पण ते बोटांना कळले इथे.

गंज हा या गाडीचा खरा शत्रू. तिला वेगळी चेसी नाही, तळाचा पत्रा आणि दाराखालचे सिल हेच तिचे हाडाचे सांगाडे. वरून रंग चकचकीत आणि सिल आतून कुजलेले, अशी गाडी वळणावर अंग मोडते. २०१९ च्या पुरात आमच्या अंगणात गुडघाभर पाणी आले, तेव्हा माझ्या गाडीचे दोन्ही सिल गेले. कोल्हापूरच्या एका डेंटरने ते नवीन पत्रा कापून, दारे जागच्या जागी ठेवून, आतून टेकू देत जोडले. अकरा दिवस लागले. किंगपिनचे बुश शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून घेतले. असे हात अजून आपल्याकडे आहेत, पण ते साठी-सत्तरीचे आहेत. कार्ब्युरेटर उघडून दाखवला तर आजच्या आयटीआयमधली मुले तो पहिल्यांदाच पाहत असतात. या वयस्क कारागिरांना महिन्यातून दोन दिवस मानधन देऊन आयटीआयमध्ये बोलवावे, असे मला फार वाटते.

आता मुख्य मुद्दा, पेट्रोलचा. गेल्या मे महिन्यात चिपळूणला लग्नाला जाताना कुंभार्ली घाटात गाडी बंद पडली. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा गाडीतला पंप तापून अडतो हे आम्हाला जुनेच माहीत आहे. आण्णा पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे थांबत. या वेळी फडक्याने काही झाले नाही. घरी आणून उघडले तेव्हा पंपातला पडदा फुगून मऊ पडला होता, रबरी नळीच्या आतून काळा लगदा निघत होता आणि टाकीच्या तळाचा गंज सुटून जेटपर्यंत आला होता. गटातल्या १७ पैकी नऊ गाड्यांचे गेल्या दीड वर्षात कमी-अधिक हेच झाले.

कारण उघड आहे. २० टक्के इथेनॉलचे ई-२० पेट्रोल २०२३ मध्ये सुरू झाले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. ते प्रमाणाबाहेर वाढले की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि लोखंडी पत्रा खातात. त्या काळचे रबर आणि बुचाची गॅस्केट यांना ते सोसत नाही. शिवाय इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने कार्ब्युरेटरला जेट थोडा मोठा लागतो, नाही तर मिश्रणात इंधन कमी पडून इंजिन तापते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या या इंधनाचा विचार करून बनवलेल्या आहेत. १९६८ ची गाडी नाही.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही, हे ठामपणे सांगते. माझ्या भावाचा सहा एकर ऊस आहे. कारखान्याला इथेनॉलचे पैसे मिळाले की उसाचे बिल वेळेवर येते, हे आमच्या घराने अनुभवले आहे. नळ्या, पडदे, ऑइल सील जमेल तसे आम्ही बदलून घेत आहोत. टाकीला आतून लेप देण्याचे कामही चालू आहे. मागणे एवढेच की प्रत्येक जिल्ह्यात निदान एका पंपावर कमी इथेनॉलचे साधे पेट्रोल ठेवावे. चार पैसे जास्त घ्यावेत. आमच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन कमी आहे, त्याला भारी ऑक्टेनची गरज नाही. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये ई-१० आणले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ई-५ पेट्रोल पंपांवर राहू दिले. तेथे जमले ते येथेही जमावे.

दुसरी अडचण नियमांची. ५० वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. २० हजार रुपये शुल्क, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी. गाडीला वारसा म्हणून मान दिला, याचे मला मनापासून समाधान वाटले. पण ती पाटी लावली की गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणे, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची. म्हणून मी ती पाटी घेतली नाही. दर पाच वर्षांनी जुन्याच नोंदणीचे नूतनीकरण करते, पर्यावरण कर भरते. २० वर्षांपुढच्या मोटारीसाठी नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांचे दहा हजार झाले, तेही भरेन. मागच्या वेळी खिडकीपलीकडच्या तरुण कर्मचाऱ्याने “मॅडम, स्क्रॅप का करत नाही?” असे विचारले. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. त्याला मी बाहेर नेऊन गाडी दाखवली, चालू करून दाखवली.

उभी राहिलेली गाडी मरते. महिनाभर हलवली नाही की ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे रबर चिकटते, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून डिंक होतो, बॅटरी उतरते. आठवड्यातून वीसेक किलोमीटर फिरवणे हे तिचे औषध आहे. मंडईला, देवळात, मैत्रिणीकडे, अशा साध्या कामांना ती निघाली तरच ती रॅलीलाही जाईल. इटलीत ३० वर्षांपुढच्या खासगी गाडीला मालकीचा कर नाही, रस्त्यावर आणायची त्या वर्षी एक किरकोळ ठरावीक रक्कम भरायची. आपल्या व्हिंटेज नियमात वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर साध्या वापराची मुभा द्यावी. धुराची तपासणी दर सहा महिन्यांनी करा, ब्रेक तपासा. आम्ही सगळे तयार आहोत.

शेवटी वाचकांना एक विनंती. कोणाच्या गोठ्यात, परड्यात, वाड्याच्या मागे ताडपत्रीखाली अकराशे किंवा पद्मिनी पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आम्हाला कळवा. ती चालू होईल की नाही, हे आम्ही येऊन बघू. नाहीच झाली, तर तिचे किंगपिन, काचा, दाराची हँडले दुसऱ्या गाड्यांना लागतील आणि योग्य ती किंमत आम्ही देऊ. सध्या आम्हाला १९५६ च्या गाडीसाठी पुढच्या डाव्या दाराचे बिजागर तातडीने हवे आहे. माझा पत्ता संपादकांकडे ठेवला आहे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
कराड, जि. सातारा