काएना पॉइंटला जाण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

हवाईतल्या ओआहू बेटाच्या पश्चिम टोकाला, काएना पॉइंटला, तुमचा वर्ग तण काढायला आणि रोपं लावायला जातोय हे वाचून फार बरं वाटलं. गाड्या फिरून फिरून तिथल्या वाळूच्या टेकड्यांची पार वाट लागली होती. १९८३ पासून तो भाग राखीव आहे. २०११ मध्ये उंदीर, मुंगूस, मांजर आणि कुत्री अडवणारं कुंपणही पूर्ण झालं.

आदल्या रात्री बुटांचे तळ आणि मोजे ब्रशने घास. अंजन गवत तिथे तण आहे, त्याचं बी कपड्यांना चिकटूनच आत शिरतं. कुंपणाला दोन दारं आहेत. पहिलं नीट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. एक गाभण उंदरीण आत गेली तरी अंडी, पिल्लं आणि बिया धोक्यात येतात.

आखलेली वाट सोडू नकोस. उआउ कानी हे समुद्रपक्षी वाळूत बीळ करून राहतात आणि वरून ते दिसत नाही. पाय खचलाच तर लगेच हाताने वाळू बाजूला करून बिळाचं तोंड मोकळं कर आणि प्रमुखाला सांग. फावडं मुळीच नको, आत पिल्लू असू शकतं. नोव्हेंबर ते जुलै मोली, म्हणजे अल्बट्रॉस, उघड्यावरच घरटी करतात. मंक सील हा समुद्री प्राणी किनाऱ्यावर दिसला तर किमान १५ मीटर लांब राहा, पिल्लासोबतची मादी असेल तर ४५.

खरी झुंज सुबाभळीशी. ही मूळची मेक्सिकोकडची. आपल्याकडे चाऱ्यासाठी बायफ या संस्थेने पसरवलेलं वाण हवाईतूनच आलं होतं, त्यामुळे पान तू लगेच ओळखशील. रोप लहान असेल तर पावसानंतर, माती ओली असताना, मुळासकट उपट. मोठं झाड नुसतं कापलंस तर बुंध्यातून दुपटीने फुटतं. म्हणून जमिनीलगत कापून काही मिनिटांतच कापावर तणनाशक लावतात, पण ते प्रशिक्षित माणसाचं काम. शेंगा पिशवीत भरून बाहेर न्यायच्या. जमिनीतलं बी पुढची कित्येक वर्षं उगवत राहतं, म्हणून वर्गाने एकदाच मोठा पट्टा साफ करण्याऐवजी छोटा तुकडा घेऊन दर दोन-तीन महिन्यांनी परत जावं असं मला वाटतं. उतार एकदम उघडा पडला तर वारा वाळू उडवून नेतो, लावलेलं सगळं उघडं पडतं.

उपटण्याआधी पिवळ्या फुलांची, जमिनीलगत पसरणारी इलिमा आणि दुर्मीळ ओहाई ओळखायला शीक, ही तिथलीच झाडं, ती राखायची. ओहाईच्या बियांचं कवच कठीण असतं. पेरण्याआधी त्याला हलका छेद देऊन बी पाण्यात भिजवावं लागतं. लागवड पावसाळ्यातच, म्हणजे नोव्हेंबरनंतर. उन्हाळ्यात लावलेली रोपं बहुधा जगत नाहीत.

तीन लिटर पाणी घे. वाटेत सावली नाही आणि पुढे पाणीही मिळत नाही. कुठला तुकडा तुमच्या वाट्याला आला ते कळव.

तुझी,
आई